नीरेकाठची सांजोवेझे

सांजोवेझे ही मध्य इटलीची, विशेषतः तोस्काना प्रांताची, काळ्या द्राक्षाची जात. तिचा रस आंबटपणाला चढा असतो, सालीत तुरटपणा भरपूर असतो आणि घड पिकायला उशीर लागतो. कियांती ही जगभर ओळखली जाणारी लाल वाइन मुख्यतः याच द्राक्षाची. तोस्कानातच मोंताल्चीनो नावाचे एक डोंगरी गाव आहे. तिथल्या बिओंदी-सांती घराण्यातल्या फेरुच्चो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इतर कोणत्याही द्राक्षाची भेसळ न करता फक्त सांजोवेझेची वाइन केली आणि ती वर्षानुवर्षे लाकडी पिंपात मुरवली. या घराण्याची 1888 ची वाइन आजही दाखल्यादाखल सांगितली जाते. त्या प्रयोगातून पुढे ‘ब्रुनेल्लो दि मोंताल्चीनो’ हा प्रकार रूढ झाला आणि 1980 मध्ये त्याला इटलीतला सर्वोच्च दर्जा मिळाला. आजच्या नियमाप्रमाणे ही वाइन किमान दोन वर्षे लाकडात आणि चार महिने बाटलीत ठेवावी लागते. काढणीनंतरचे पाचवे वर्ष उजाडल्याशिवाय ती दुकानात जात नाही आणि ‘रिझर्वा’ असेल तर सहावे.

अशा वाइनवर एकाच बागेचे नाव छापलेले असेल आणि ती सेंद्रिय असेल, तर तिची किंमत आणखी चढते. एका बागेचा माल, मुरवण आणि सेंद्रिय लागवड या तीन अटी वरवर वेगळ्या दिसतात, पण व्यवहारात तिन्हींचा अर्थ एकच होतो. माल हाताशी असताना तो लगेच विकायचा नाही, किंवा कमी माल निघेल हे आधीच मान्य करायचे. महाराष्ट्रात वाइन आली, गेली, पुन्हा आली. या सगळ्या हालचालींत द्राक्षाची वानवा फारशी कधी नव्हती, थांबण्याची ऐपत मात्र क्वचितच होती. ती जिथे काही प्रमाणात जमली, तिथे सांजोवेझे रुजली. ते ठिकाण म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातला अकलूजचा परिसर.

अकलूज नीरेच्या काठी आहे. नीरा उगम पावते भोर तालुक्यात, वरंधा घाटाजवळच्या डोंगरांत. वेल्ह्याकडून, राजगड-तोरण्याच्या पायथ्यावरून येणारी गुंजवणी तिला पुढे मिळते. पुणे–सातारा रस्त्यावरची नसरापूर, कामथडी, कापूरहोळ ही गावे याच पाण्याच्या पट्ट्यात येतात. कामथडीच्या पश्चिमेला जसजसे डोंगर जवळ येतात तसतसा पाऊस वाढत जातो आणि शेते भाताची होतात. पूर्वेला नीरा उतरत जाते तसा पाऊस झपाट्याने कमी होतो. अकलूजला पोचेपर्यंत मुलूख पुरता अवर्षणाचा झालेला असतो. एकाच नदीच्या वरच्या टोकाला आंबेमोहोर आणि खालच्या टोकाला द्राक्ष, असा हा उतार आहे. खालच्या टोकाचे पाणीही बरेचसे वरूनच येते. भोरजवळच्या भाटघरला वेळवंडी नदीवर इंग्रजांनी आधी एक धरण बांधले आणि मग त्याच्या जागी 1928 च्या सुमारास मोठे लॉइड धरण पुरे केले. नीरा डाव्या कालव्याने पुरंदर, बारामती, इंदापूर भिजले आणि उजव्या कालव्याने फलटण, माळशिरस. दुष्काळी माळावर ऊस उभा राहिला, साखर कारखाने आले, कारखान्यांमागून सहकारी पुढाऱ्यांची घराणी आली. वाइनचे भांडवल पुढे यातल्याच एका घराण्याकडून उभे राहणार होते.

पण दख्खनने इटलीची वाइन पहिल्यांदा पाहिली ती याच्या कितीतरी आधी, सातवाहनांच्या काळात, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या टिपणात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तिच्यात वाइन येते, आणि त्यातही इटलीची जास्त पसंत पडते, असा स्पष्ट उल्लेख आहे. त्याच टिपणात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातले तेर, ही आतल्या भागातली मोठी व्यापारी गावे म्हणून येतात. नेवाशाला 1954 ते 1956 या काळात डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकळियांनी केलेल्या उत्खननात भूमध्य समुद्राकडच्या दोन कानांच्या मातीच्या रांजणांचे तुकडे निघाले. अशाच रांजणांतून वाइन आणि तेल जहाजाने येत असे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर ग्रीक समुद्रदेव पोसायडनची रोमन बनावटीची लहानशी कांस्यमूर्ती सापडली आणि तिच्याबरोबर त्याच बनावटीची कांस्याची भांडीही मिळाली. त्यांत वाइन ओतायची सुरई आहे.

या पुराव्याला एक सावध टीप जोडावी लागते. भारतातल्या अनेक ठिकाणचे जे तुकडे पूर्वी सरसकट रोमन मानले गेले, त्यांतले बरेच इराण-इराककडच्या वेगळ्या आकाराच्या, बिनकानी रांजणांचे आहेत, हे रॉबर्टा टॉम्बर यांच्या अभ्यासातून पुढे स्पष्ट झाले. म्हणजे दख्खनमध्ये रोमन वाइनचा पूर आला होता असे समजण्याचे कारण नाही. ती थोडी येत होती, महाग होती, आणि ती घेणारे लोक इथे होते, इतके म्हणता येते. ज्या इटलीतून ती येई तिथे मुरवलेल्या वाइनची किंमत तेव्हाच ठरलेली होती. थोरला प्लिनी फालेर्नियन वाइनचे योग्य, मधले वय पंधराव्या वर्षापासून सुरू होते असे सांगतो, आणि इ. स. पू. 121 च्या, ओपिमियस कौन्सल असतानाच्या काढणीची वाइन आपल्या काळापर्यंत टिकल्याचे नोंदवतो. फालेर्नियन बहुधा पांढऱ्या द्राक्षाची होती, म्हणून आजच्या लाल वाइनशी तिचे थेट नाते जोडणे चूक ठरेल. जुन्या मालाला नव्यापेक्षा जास्त भाव ही कल्पना मात्र तिथे दोन हजार वर्षांची आहे.

मध्ययुगात दख्खनमधले द्राक्ष खाण्याचे फळ म्हणून नांदले. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेल्या इब्न बतूताने तिथे द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात असे लिहून ठेवले आहे. प्रवाशाला हे नवल वाटले, पण त्यात महाराष्ट्राच्या द्राक्षशेतीचे मर्म आहे. इटलीत वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपतो आणि वर्षातून एकदाच फळतो. इथे हिवाळा इतका सौम्य असतो की वेल झोपतच नाही. त्याला मोकळे सोडले तर तो वाटेल तेव्हा फुटतो आणि वाटेल तेव्हा फळतो. त्याला ठरावीक वेळी फुटायला लावणे हेच इथल्या बागायतदाराचे मुख्य कसब आहे. पुढे हबशी, फकडी, साहेबी, भोकरी अशा जाती औरंगाबाद-नाशिककडे वाढल्या. त्यांपैकी भोकरी तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बाजारात होती. या कोणत्याही जातीची वाइन करून ती साठवण्याचा धंदा उभा राहिला नाही. मद्य होते ते मोहाचे, ताडामाडाचे, गुळाचे. ते आज गाळायचे आणि उद्या संपवायचे. द्राक्षाचे पैसे टोपलीतच मिळत असताना त्याचा रस काढून वर्षभर सांभाळणार कोण?

स्वातंत्र्यानंतर दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. मुंबई राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा आला आणि मद्यनिर्मिती परवान्यांच्या चौकटीत अडकली. दुसरीकडे द्राक्षबागा मात्र पसरत गेल्या. थॉमसन सीडलेस ही बिनबियांची जात नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांत झपाट्याने लागली आणि तिच्यातूनच शेतकऱ्यांनी नव्या जाती निवडून काढल्या. तासगाव तालुक्यातली तास-ए-गणेश आणि सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळ्यांची सोनाका ही त्यांतली ठळक नावे. द्राक्षाच्या विज्ञानात महाराष्ट्राचा शेतकरी सरकारी संस्थांच्या पुढे होता, असे म्हटले तर ते फारसे वावगे ठरणार नाही. पण ही सगळी हुशारी मोठा मणी, पातळ साल, कमी आंबटपणा आणि लांबच्या वाहतुकीत टिकणारा घड यांसाठी खर्च झाली. वाइनला नेमके उलटे लागते. तिला लहान मणी, जाड साल आणि बी हवे, कारण लाल रंग आणि तुरटपणा सालीत व बीत असतो. थॉमसनच्या रसाची वाइन करता येते, पण ती मुरत नाही, नुसती म्हातारी होते.

इटलीचे नाव नीरेच्या खोऱ्यात पुन्हा ऐकू आले ते बारामतीत. उत्तर इटलीतल्या कानेल्ली गावच्या बोस्का या जुन्या वाइन घराण्याचे नाव घेऊन बारामतीच्या द्राक्षांपासून वाइन तयार होऊ लागली. शहरांतल्या एका पिढीला ‘बोस्का’ म्हणजेच वाइन एवढेच ठाऊक होते. ती साधी, त्याच वर्षी प्यायची वाइन होती. मुरवणीचा दावा तिच्यावर कुणी केला नाही आणि तिनेही केला नाही.

खरी मोठी उडी मारली ती पुणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाने. श्यामराव चौगुले यांनी 1982 मध्ये शॅम्पेन इंडाज ही कंपनी उभारली आणि जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला, फ्रान्सच्या पिपर-हाइडसिक या घराण्याच्या तांत्रिक मदतीने, बुडबुड्यांची वाइन करायला घेतली. ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशी गेली आणि देशात ‘मार्कीज द पोंपादूर’ म्हणून विकली गेली. या प्रकारात बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण होते आणि बाटल्या महिनोन्महिने तळघरात आडव्या पडून राहतात. म्हणजे महाराष्ट्रात वाइन मुरवत ठेवण्याची पहिली मोठी शाळा नारायणगावची, आणि तीही पांढऱ्या वाइनची. इंडाजने पुढे लाल वाइनही आणली, कारखाना वाढवला, परदेशात खरेदी केली. 2008 नंतरच्या मंदीत कर्जाचा भार झेपला नाही आणि कंपनी बंद पडली. तळघरात पडलेला माल हा हिशेबाच्या वहीत मालमत्ता असतो, पण बँकेचा हप्ता त्यातून भरता येत नाही. या धंद्याची ही जुनी गाठ आहे आणि महाराष्ट्रात ती पहिल्यांदा नारायणगावला दिसली.

दरम्यान नाशिकला राजीव सामंत यांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीस लागवड करून सुला सुरू केली. तिच्या पहिल्या बाटल्या 2000 मध्ये बाजारात आल्या. 2001 मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, वाइनला उत्पादन शुल्कात सूट दिली आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस इथे वाइन पार्क आखले. वाइन हा शेतीमालावरचा प्रक्रिया उद्योग आहे ही भूमिका सरकारने पहिल्यांदा कागदावर घेतली. परिणाम चटकन दिसला. नाशिक भागात लहानमोठ्या वाइनऱ्या भराभर उघडल्या आणि तितक्याच भराभर त्यांतल्या कित्येक अडचणीत आल्या. शेतकरी-मालकांनी टाक्या घेतल्या, यंत्रे घेतली, पण विक्री जमली नाही. वाइन विकली जायला दोन-तीन वर्षे लागतील याची तरतूद बहुतेकांच्या कर्जात नव्हती.

याच काळात इटलीची द्राक्षे दोन ठिकाणी आली. निफाड तालुक्यातल्या कुंदेवाडीला व्हिंटेज वाइन्सने ‘रिव्हेलो’ या नावाखाली आंद्रेआ वालेंतिनुझ्झी या इटालियन वाइनकाराच्या हाताखाली काम सुरू केले आणि सिसिलीच्या नेरो दाव्होला व ग्रिल्लो या जाती लावल्या. माल स्वतःच्या बागेचाच घ्यायचा हे धोरण त्यांनी आधीपासून ठेवले. दुसरे ठिकाण अकलूज.

अकलूजच्या कंपनीचे नाव फ्रातेल्ली. ती 2007 च्या सुमारास तीन भाऊजोड्यांनी मिळून काढली. अकलूजचे रणजितसिंह व अर्जुनसिंह मोहिते-पाटील, दिल्लीचे कपिल व गौरव सेखरी आणि इटलीचे आंद्रेआ व आलेस्सिओ सेक्ची. कंपनीच्या नावाचा अर्थही भाऊ असाच आहे. मोहिते-पाटील घराणे हे शंकरराव मोहिते-पाटील यांच्यापासून माळशिरस तालुक्यातल्या साखर सहकाराचे. कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढवणाऱ्या मुलखात उसाऐवजी कमी पाण्याचे, जास्त भावाचे पीक घ्यायचे, हा त्यामागचा एक हिशेब होता. जमिनीची आणि भांडवलाची बाजू इथे पक्की होती, म्हणून विक्रीसाठी घाई करण्याची गरज नाशिकच्या लहान वाइनऱ्यांइतकी नव्हती. बागेचे आणि तळघराचे काम पाहण्यासाठी कियांतीतून पिएरो मासी आले. तोस्कानातल्या वाइनरींत आयुष्य घालवलेला हा माणूस अकलूजच्या माळावर सांजोवेझे लावतो, हे तेव्हा अनेकांना धाडसापेक्षा वेडच वाटले असणार. रोपे परदेशातून आणली गेली आणि मोटेवाडी, गारवाड, निमगाव या तीन शिवारांत लावली गेली. एकंदर बाराच्या आसपास जातींपैकी सांजोवेझे ही कंपनीची ओळख ठरली. पुढे 1976 च्या पॅरिसमधल्या प्रसिद्ध वाइन चाचणीचे आयोजक स्टीव्हन स्पुरिअर यांनीही इथल्या द्राक्षांवर काम केले.

मासींनी सांजोवेझे निवडण्यामागे स्थानाभिमान असेलही, पण तर्कही होता. तोस्कानात द्राक्ष पिकते ते उन्हाळा संपून गारवा वाढत असताना. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रात्री थंड होत जातात आणि रसातला आंबटपणा शाबूत राहतो. अकलूजला नेमके उलटे घडते. वेल हिवाळ्यात वाढतो आणि घड पिकतो तो फेब्रुवारीनंतर, ऊन रोज चढत असताना. गोडी भराभर भरते आणि आंबटपणा त्याहून भराभर ढासळतो. ज्या जातीत तो मुळातच कमी, तिची वाइन इथे फोफशी होते. सांजोवेझेकडे तो मुळात भरपूर असतो, त्यामुळे थोडा गेला तरी वाइनला कणा राहतो.

बागेचे वर्ष दोन छाटण्यांत विभागलेले असते. काढणी संपल्यावर एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. ओलांड्यावरच्या सगळ्या काड्या मुळाशी एक-दोन डोळे ठेवून खरडून काढल्या जातात आणि बाग काही दिवस नुसत्या खुंटांची दिसते. नव्या काड्या येतात, उन्हाळ्यात पिकतात आणि याच काळात, छाटणीनंतरच्या दुसऱ्या महिन्यात, प्रत्येक डोळ्याच्या आत पुढच्या हंगामाचा घड धरला जातो. तो बाहेरून दिसत नाही. जाणते बागायतदार डोळा चिरून, भिंगाखाली पाहून, कितव्या डोळ्यात घड आहे हे ठरवतात आणि त्या हिशेबाने सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी घेतात. काडी ठरलेल्या डोळ्यावर कापतात आणि टोकाच्या डोळ्यांवर हायड्रोजन सायनामाइडचा हात फिरवतात, म्हणजे सगळे डोळे एकदम फुटतात. इब्न बतूताने पाहिलेल्या दोन बहरांपैकी एक अशा रीतीने सोडून दिला जातो. खाण्याच्या द्राक्षात आणि वाइनच्या द्राक्षात पुढचा फरक पडतो तो घडांच्या संख्येत. वाइनसाठी घड विरळ करतात, मणी फुगवायला संजीवक देत नाहीत, ठिबकचे पाणी शेवटच्या आठवड्यांत तोडत आणतात. एकरी माल पुष्कळ कमी होतो, आणि शेजारच्या थॉमसनवाल्याला हे पाहून हळहळ वाटते.

काढणी पहाटे, अंधार असतानाच सुरू होते, कारण दहा वाजल्यानंतर तोडलेले द्राक्ष क्रेटमध्येच तापते. देठ काढून, मणी फोडून, लगदा सालीसकट स्टीलच्या टाकीत जातो. टाकीभोवती गार पाणी खेळवून तापमान धरले जाते. आंबवण सुरू झाली की साली वर येऊन थर बांधतात, तो थर खालच्या रसाने वारंवार भिजवावा लागतो. नाही भिजवला तर रंग उतरत नाही आणि थराला आंब लागते. साली पिळून वेगळ्या केल्यावर वाइनचा आंबटपणा मऊ करणारी दुसरी, जिवाणूंची क्रिया होऊ देतात आणि मग ती 225 लिटरच्या ओक लाकडाच्या पिंपांत भरतात. पिंप फ्रान्सहून येते, महाग असते आणि काही हंगामांनंतर त्याचा वास संपतो. लाकडाच्या छिद्रांतून हवा हळूहळू आत येते, वाइन थोडी थोडी उडून जाते, म्हणून दर काही आठवड्यांनी पिंप वरपर्यंत भरून घ्यावे लागते. तोस्कानातल्या दगडी तळघरात हे काम निसर्गच निम्मे करतो. माळशिरसमध्ये एप्रिल-मेमध्ये बाहेर 40 अंशांच्या पुढे पारा असताना पिंपांची खोली गार ठेवायला वीज लागते, आणि ती वर्षाचे बाराही महिने लागते. मुरवणीचा इथला खर्च व्याजाइतकाच विजेचाही आहे.

फ्रातेल्लीची वरच्या दर्जाची मुरवलेली लाल वाइन ‘सेत्ते’ या नावाने येते. ती सांजोवेझे आणि काबर्ने सोव्हिन्यों यांच्या मिश्रणाची असते आणि फ्रेंच ओकमध्ये वर्षाहून अधिक राहते. ब्रुनेल्लोसारखी ती एकाच द्राक्षाची नाही आणि पाच वर्षे कोंडलेलीही नाही. काबर्ने मिसळण्याची चाल मात्र तोस्कानाचीच. 1970 च्या दशकात तिथल्या काही घराण्यांनी सांजोवेझेत काबर्ने घालून नियमांबाहेरच्या वाइन केल्या आणि त्यांचेच नाव जगभर झाले. अकलूजची सेत्ते त्या परंपरेतली धाकटी पाती आहे.

एका बागेच्या नावाची गोष्ट अजून सैल आहे. इटलीच्या कायद्यात बाटलीवर ‘विन्या’, म्हणजे विशिष्ट बाग, असे लिहायचे तर तो तुकडा नोंदवलेला असावा लागतो आणि त्याच्या द्राक्षाचा, रसाचा, पिंपाचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. कियांती क्लासिकोत 2014 पासून आलेल्या ‘ग्रान सेलेत्सिओने’ या वरच्या वर्गात माल स्वतःच्याच बागांचा असावा आणि वाइन 30 महिने मुरावी अशी अट आहे. महाराष्ट्रात नाशिक व्हॅली वाइनला भौगोलिक मानांकन मिळाले, पण ते अख्ख्या प्रदेशाचे. शिवाराच्या किंवा गटनंबराच्या पातळीवर बांधून घेणारा कायदा इथे नाही. अकलूजच्या तिन्ही शिवारांतली माती आणि उतार सारखे नाहीत, वाइनकार ती वेगळी आंबवून पाहतातही, परंतु बाटलीवर मोटेवाडी किंवा गारवाड असे नाव अभिमानाने छापण्याइतकी मागणी अजून तयार झालेली नाही. जिथे ग्राहक अजून लाल की पांढरी एवढेच विचारतो, तिथे ही घाई करण्यात कंपनीचा फायदा नाही. 2022 च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला तेव्हा उठलेल्या विरोधामुळे तो अंमलात आला नाही. मुरवलेल्या वाइनच्या बाजारपेठेचा विस्तार किती संथ आहे, हे त्यावरूनही कळते.

तिसरी अट सेंद्रियतेची, आणि ती महाराष्ट्रात सर्वांत अवघड. तिला अडवणारा मुख्य शत्रू डावणी, म्हणजे केवडा रोग. ओल्या हवेत तो पानाच्या खालच्या बाजूला पांढऱ्या बुरशीसारखा दिसतो आणि कोवळा घड लागला तर दोन-तीन दिवसांत सुकवून टाकतो. गोडी छाटणीनंतरचे पहिले चाळीस-पन्नास दिवस धोक्याचे. परतीचा पाऊस नेमका याच दिवसांत येतो. सेंद्रिय बागेला बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना, आणि भुरी या दुसऱ्या बुरशीजन्य रोगासाठी गंधक एवढीच मुख्य हत्यारे उरतात. मोरचुदातले तांबे जमिनीत साचत राहते, म्हणून युरोपीय महासंघाने त्यालाही सात वर्षांत हेक्टरी 28 किलो अशी मर्यादा घातली आहे. वाइनमध्ये टिकाऊपणासाठी घालायच्या सल्फाइटचीही सीमा सेंद्रिय लाल वाइनला लिटरला 100 मिलिग्रॅम आहे, एरवी 150. युरोपातही ‘सेंद्रिय वाइन’ असे लेबलावर लिहिण्याचा अधिकार 2012 च्या काढणीपासूनच मिळाला. त्याआधी ‘सेंद्रिय द्राक्षांची वाइन’ एवढेच लिहिता येई. भारतात 2001 पासूनच्या राष्ट्रीय सेंद्रिय कार्यक्रमाप्रमाणे बहुवर्षायू पिकाला प्रमाणपत्राआधी तीन वर्षे संक्रमणात काढावी लागतात. त्या काळात फवारणी सेंद्रिय, उत्पन्न घटलेले आणि भाव नेहमीचाच, अशी शेतकऱ्याची स्थिती होते.

पावसाच्या हिशेबाने कामथडी-भोरच्या पट्ट्यात वाइनची सेंद्रिय बाग जवळजवळ अशक्य आहे, कारण तिथे पाऊस भाताला पुरेल इतका पडतो आणि ऑक्टोबरपर्यंत हवेत ओल राहते. नीरेच्या खालच्या अंगाला, माळशिरसच्या कोरड्या हवेत, ती त्या मानाने शक्यतेच्या कक्षेत येते. तिथे फवारण्या नाशिकपेक्षा कमी लागतात. पण तो भरवसाही पूर्ण नाही. 2020 च्या ऑक्टोबरच्या मध्याला कमी दाबाच्या पट्ट्याने सोलापूर जिल्ह्यावर एका-दोन दिवसांत एरवी महिन्याचाही नसेल इतका पाऊस ओतला, भीमेला पूर आला आणि नुकत्याच छाटलेल्या बागांत पाणी उभे राहिले. अशा आठवड्यात मोरचुदाचा हात पुन्हा पुन्हा द्यावा लागतो, आणि तो देण्यासाठी चिखलात ट्रॅक्टर घालता येत नाही.